पिवळा दिवा



मोटार बाळगणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची सवय लवकर लागते. गाडीतून येणारे अपरिचित आवाज ऐकू न येणे ही पहिली, आणि समोरच्या तबकडीवर लागलेले दिवे न दिसणे ही दुसरी. मी ह्या दोन्ही कलांत पारंगत होतो. गेल्या श्रावणात माझ्या आत्याने त्यातल्या दुसऱ्या कलेला बाधा आणली.

बंगळूरहून कोलारला जाताना सुमारे पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर होसकोटे लागते. आत्याला तिच्या मुलीकडे कोलारला पोहोचवावयाचे होते, म्हणून आम्ही रविवारी अगदी पहाटे निघालो. होसकोट्याचे विस्तीर्ण तळे उजाडताना पाहण्यासारखे असते, आणि मी ते तिला दाखवीत होतो. परंतु मोतीबिंदू काढल्यापासून आत्याला दूरच्या निसर्गापेक्षा जवळचे बारीकसारीक अधिक दिसू लागले आहे. ती म्हणाली, "तळं पाहिलं रे, पण तुझ्या गाडीत हे कसलं निरांजन लागलंय?"

स्टिअरिंगच्या मागे, वेगाच्या काट्याखाली, एक पिवळा दिवा जळत होता. एक वर्तुळ, त्याच्या दोहो बाजूंना कंस, आणि मध्ये रोमन लिपीतील तीन अक्षरे: ए, बी, एस. तो केव्हापासून जळत होता हे मला सांगता आले नाही. कृष्णराजपुरमचा पूल ओलांडतानाही तो असावा. मी ब्रेकचे पेडल दाबून पाहिले. गाडी नेहमीसारखी मंदावली. "काही नाही, आत्या. ब्रेक चालू आहेत," असे मी म्हणालो.

ते वाक्य अक्षरशः खरे होते. त्यामुळेच ते घातक ठरणार होते.

हा दिवा सांगतो काय, ते आधी समजून घेऊ. जुन्या काळी मोटार किंवा एस. टी. चालविणाऱ्या माणसाला एक गोष्ट हाडीमाशी ठाऊक असे. पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर ब्रेक गच्च दाबून धरावयाचा नाही. दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. गच्च दाबला की चाक फिरावयाचे थांबते, परंतु गाडी मात्र थांबत नाही. थांबलेले चाक ओल्या डांबरावर पाटासारखे घसरत जाते. ह्यात घसरण्याहून वाईट एक गोष्ट आहे. पुढचे चाक फिरत असेल तरच ते गाडीला वळवू शकते. फिरणे थांबलेले चाक तुम्ही कितीही डावीउजवीकडे वळवा, गाडी आपली आधीच्याच दिशेने सरळ जात राहते. चालकाच्या हातात उरते ते केवळ एक वाटोळे चक्र.

रबराची रस्त्यावरील पकड सर्वांत बळकट असते ती चाक पूर्ण थांबण्याच्या किंचित अलीकडे. तेवढ्या नेमक्या सीमेवर चाक धरून ठेवणे माणसाच्या पायाला साधत नाही. घाबरलेल्या माणसाच्या पायाला तर मुळीच नाही. हे काम यंत्राने करावे ही कल्पना प्रथम विमानांसाठी पुढे आली, कारण धावपट्टीवर उतरताना चाक अडकून टायर फुटणे हा तेथे जिवावरचा प्रसंग असे. 1950 नंतरच्या दशकात डनलॉप कंपनीचे 'मॅक्सारेट' नावाचे उपकरण विमानांत बसू लागले, आणि 1966 साली तेच जेन्सन ह्या इंग्रजी बनावटीच्या एका महागड्या मोटारीत आले. विजेच्या मेंदूवर चालणारी, आज आपण ओळखतो त्या स्वरूपाची व्यवस्था बॉश कंपनीने 1978 साली मर्सिडीझ मोटारींसाठी बाजारात आणली. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या मोटारीत, आणि 125 सीसीहून मोठ्या प्रत्येक नव्या मोटारसायकलीतही, ती कायद्याने सक्तीची झाली. म्हणजे एकेकाळी श्रीमंतांचा विलास असलेली वस्तू आता आपल्या दाराशी उभी आहे. मात्र तिच्याविषयीचे आपले ज्ञान त्या पिवळ्या दिव्यापाशीच थांबलेले आहे.

तिची रचना सांगावयास सोपी आहे. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. त्याला आपण पहारेकरी म्हणू. चाकाबरोबर फिरणारे एक कडे असते, आणि ते फिरताना हा पहारेकरी विजेचे बारीक ठोके मोजून आतल्या नियंत्रकाला पाठवितो. ब्रेक दाबल्यावर तीन चाके अजून फिरत आहेत आणि चौथे एकाएकी थांबू लागले आहे असे नियंत्रकाला दिसले, की तो त्या एकाच चाकाकडे जाणारा तेलाचा दाब क्षणभर सोडतो, पुन्हा देतो, पुन्हा सोडतो. जुना चालक सेकंदाला एकदोनदा जे पायाने करी, तेच हे यंत्र सेकंदाला दहाबारा वेळा करते, आणि तेही प्रत्येक चाकासाठी वेगवेगळे. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरते, घरघर असा आवाज येतो. पुष्कळ लोक नेमके तेव्हाच दचकून पाय उचलतात. तसे करू नये. ती घरघर म्हणजे यंत्र आपले काम करीत असल्याची खूण आहे.

येथे एक खुलासा करणे न्यायाचे आहे. ह्या व्यवस्थेमुळे गाडी प्रत्येक वेळी कमी अंतरात थांबते असा समज आहे, तो बरोबर नाही. सुट्या खडीवर किंवा वाळूवर उलट थोडे जास्तच अंतर लागू शकते. तिचे खरे देणे वेगळे आहे. ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही गाडी वळविण्याचा अधिकार ती चालकाच्या हाती ठेवते.

आणि नियंत्रकाला चारही पहारेकऱ्यांचा भरवसा वाटेनासा झाला, एखाद्याचे ठोके येईनासे झाले किंवा इतरांशी जुळेनासे झाले, की तो स्वतःहून बाजूला होतो आणि जाताना पिवळा दिवा लावून जातो. साधे ब्रेक पूर्वीसारखेच चालू राहतात. फक्त गाडी आपल्या आजोबांच्या काळात गेलेली असते, आणि चालकाच्या पायाला मात्र आजोबांची सवय उरलेली नसते.

हे सारे मी आज शहाणपणाने सांगत आहे. त्या रविवारी मला ह्यातले निम्मेच ठाऊक होते, आणि जे ठाऊक होते त्याचा उपयोग मी स्वतःची समजूत घालण्याकडे केला. आत्याला कोलारला सोडून परत आलो. दोन दिवसांनी सवड काढून नेहमीच्या गॅरेजात गेलो. तेथे गाडीला एक यंत्र जोडून पाहिल्यावर 'पुढचे उजवे चाक' असा निकाल मिळाला. "सेन्सर गेला," असे सांगण्यात आले. नवा सेन्सर बसला, मी पैसे दिले, दिवा विझविण्यात आला. गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडून दुसऱ्या चौकापर्यंत पोहोचतो, तोच दिवा पुन्हा हजर! मी मागे फिरलो. आता निदान बदलले होते. नियंत्रकच बिघडला असावा, तो अखंड बदलावा लागेल, खर्च सुमारे 40,000 रुपये. माझा चेहरा पाहून तेथील तरुणाने दयाबुद्धीने दुसरा मार्ग सुचविला. समोरची तबकडी उघडून तो बारीकसा दिवाच काढून टाकता येईल. ब्रेक तर लागतातच! बंगळुरात राहणाऱ्यांना परिचित असलेले ते तीन शब्द त्याने हसत उच्चारले, "स्वल्प अॅडजस्ट माडी, सार्." थोडे जुळवून घ्या, साहेब.

मी दिवा काढू दिला नाही, ह्याबद्दल माझे कौतुक करू नका. मी दुसरे काहीच केले नाही. दिवा जळत राहिला आणि मी जुळवून घेत राहिलो. चारआठ दिवसांत तो मला दिसेनासा झाला.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी आत्याला परत आणावयाचे होते. कोलारहून निघालो तेव्हा भुरभुर पाऊस होता, आणि होसकोट्याच्या अलीकडे तो वाढला. हा जुना मद्रास रस्ता. होसकोट्यापासून चेन्नईकडे जाणारा नवा द्रुतगती मार्ग निघाला, त्याचा कर्नाटकातील भाग 2024 च्या अखेरीस वाहनांना खुला झाला, तरी जुन्या रस्त्यावरची गर्दी काही हटलेली नाही. कारखान्यांच्या बसगाड्या, भाजीपाल्याचे टेंपो, खडीचे टिप्पर आणि पहाटे चारपासून बिर्याणीच्या रांगेत उभी राहण्यासाठी बंगळुराहून आलेली व आता तृप्त मनाने परतणारी मंडळी, असा सारा संसार त्या रस्त्यावर एकत्र नांदत असतो.

एका उभ्या टेंपोच्या आडून एक मुलगा सायकलवरून रस्त्यात आला. मागे कोथिंबिरीच्या जुड्यांचा भारा, डोक्यावर पोत्याची खोळ. त्या खोळीमुळे त्याला माझी गाडी दिसणे शक्यच नव्हते. माझा वेग फार नव्हता, पन्नासच्या आत असेल. मी ब्रेक दाबला, सर्व शक्तीने दाबला, आणि स्टिअरिंग डावीकडे फिरविले. डावीकडे मोकळी जागा होती. गाडी डावीकडे गेली नाही. पेडल थरथरले नाही, घरघर झाली नाही. टायर फक्त सुसकारा टाकल्यासारखे वाजले आणि गाडी सरळ, अत्यंत शांतपणे, त्या मुलाकडे सरकत गेली. चाके वळलेली मला हातांना जाणवत होती, परंतु ती चाके गाडीची राहिली नव्हती.

मुलाने सायकल टाकली आणि तो उडी मारून बाजूला झाला. गाडीचा पुढचा भाग सायकलच्या मागच्या चाकाला टेकून थांबला. कोथिंबीर रस्त्यावर पसरली. मी उतरलो. मुलाला खरचटलेसुद्धा नव्हते. तो माझ्यावर चिडला नाही. आधी जुड्या गोळा करू लागला, आणि मीही वाकून त्याच्याबरोबर गोळा केल्या, कारण माझे पाय उभे राहण्याच्या स्थितीत नव्हते. त्याच्या सायकलचे चाक वाकडे झाले होते. त्याचे पैसे मी दिले, आणि ते देताना माझ्या लक्षात आले की मी खिशातली रक्कम न मोजताच त्याच्या हातात ठेवीत आहे.

गाडीत परत बसलो तेव्हा आत्या बोलली नाही. तिने फक्त त्या पिवळ्या दिव्याकडे पाहिले.

होसकोट्यात शिरताच जे पहिले गॅरेज दिसले तेथे मी गाडी उभी केली. पत्र्याचे छप्पर, दोन खड्डे, भिंतीवर टांगलेले पाने. मालक साठीच्या आसपासचा, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा. तेथील मुले त्याला उस्ताद म्हणत. भाषा दख्खनी, आपल्या कानाला निम्मी मराठीच वाटावी अशी. मी घाईघाईने सगळे सांगितले: दिवा, सेन्सर, नियंत्रक, 40,000. तो ऐकत होता. मग त्याने एकच प्रश्न विचारला, "दिवा लगने के पैले क्या काम करवाये, वो बोलो साब."

मला आठवावे लागले. पुढच्या उजव्या चाकातून घूं घूं असा आवाज येत होता, म्हणून त्याचे बेअरिंग बदलले होते. केव्हा? आत्याला पहिल्यांदा घेऊन निघालो त्याच्या आदल्या संध्याकाळी. ते गॅरेज घराच्याच गल्लीत, त्यामुळे त्या संध्याकाळी गाडी वेगाने चाललीच नव्हती. बेअरिंग म्हणजे पोलादी गोळ्यांचे कडे. त्याचा आणि विजेच्या दिव्याचा काही संबंध असेल असे माझ्या मनात आले नव्हते, आणि मला कोणी विचारलेही नव्हते.

उस्तादने मान हलविली, परंतु लगेच बेअरिंगला हात घातला नाही. ह्या गोष्टीचे मला आजही कौतुक वाटते. आधी त्याने बॅटरीचा दाब मोजला, कारण बॅटरी अशक्त असली तरी नियंत्रक रुसतो. ब्रेक ऑइलची पातळी पाहिली. फ्यूज पाहिला. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, हे वाकून वाचले. एखादे चाक आकाराने लहान असले तर ते इतरांहून वेगाने फिरते आणि नियंत्रकाचा हिशेब चुकतो. मग त्याने आपले यंत्र जोडले, गाडीत माझ्याशेजारी बसला आणि मला मागच्या मोकळ्या रस्त्याने सावकाश चालवावयास सांगितले. यंत्राच्या पडद्यावर चार आकडे होते. तीन चाके वीस, बावीस, वीस असे बोलत होती. पुढचे उजवे शून्यावर गप्प बसले होते.

परतल्यावर जॅक लावून चाक उतरविले. सेन्सरची तार त्याने मुळापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत नेली. चाक वळताना जेथे तार वाकते तेथे ती आतून तुटते, आणि बंगळुरी अपार्टमेंटांच्या तळघरातले उंदीर तर तिच्यावर विशेष प्रेम करतात. तार धड होती. प्लगपाशी मल्टिमीटर लावला, वीज येत होती. येथे त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती उपयोगी आहे. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असते. त्याचा विद्युतरोध मोजता येतो, तो साधारण हजार ओहमच्या आसपास किंवा थोडा अधिक भरतो, आणि चाक हाताने फिरविले तर त्यातून किंचित वीजही निघते. नव्या गाड्यांतील सेन्सर तसा नसतो. त्याला बाहेरून वीज द्यावी लागते, आणि त्याचा रोध मोजून काहीच कळत नाही. कित्येक चांगले सेन्सर केवळ ह्या गैरसमजापायी फेकले जातात.

एक एक शक्यता तो अशी बाजूला काढीत होता, आणि मला त्याच गावातली एक जुनी रात्र आठवली. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर आणि कोलारबरोबर हे होसकोटेही होते. पुढे 1768 च्या ऑगस्टात, इंग्रज आणि हैदरअली यांच्या पहिल्या युद्धात, गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांची छावणी येथे पडली होती, आणि हैदरने तिच्यावर रात्री छापा घातला. अंधारात आपला कोण आणि परका कोण हे कळेना. इतिहासकार विल्क्स लिहितो की मुराररावांनी हुकूम सोडला: आपल्या एकाही माणसाने घोड्यावर चढू नये, प्रत्येकाने आपापल्या घोड्यापाशी स्तब्ध उभे राहावे. म्हणजे जो घोड्यावर दिसेल तो शत्रू! छापा फसला. जे आपले, भरवशाचे, ते आधी निश्चल करून ठेवावयाचे, मग उरलेला आपोआप उघडा पडतो. उस्ताद ही रीत ब्रेकवर चालवीत होता. त्याला मुरारराव ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि मीही त्याला सांगितले नाही. तो कामात होता.

शेवटी त्याने सेन्सरच त्याच्या भोकातून उपसून काढला, आणि पोराला हाक मारली, "पिन लाव रे." मला वाटले एखादी खिळ्यासारखी वस्तू येईल. आली ती हिशेबाच्या वहीतली साधी कागदाची टाचणी. त्याने ती दोऱ्याला बांधली आणि विहिरीत गडवा सोडावा तशी सेन्सरच्या भोकातून आत सोडली. दोरा हलविला, टाचणी बाहेर आली. पुन्हा सोडली, पुन्हा आली. मग दुसऱ्या बाजूचे, डावे, चांगले चाक उतरवून तेथील सेन्सर काढला आणि तीच टाचणी आत सोडली. दोरा ओढला तर क्षणभर ताणला गेला, मग टाचणी सुटून आली. मला स्वतःला करून पाहावयास लावले. डावीकडे आत काहीतरी टाचणीला हळूच धरून ठेवीत होते. उजवीकडे कोणी नव्हते.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत चाकाबरोबर फिरणारे ते कडे वेगळे नसते. बेअरिंगच्याच एका बाजूच्या रबरी झाकणात ते चुंबकीय रूपाने बसविलेले असते. उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव, पुन्हा उत्तर, असे साधारण चाळीस-पन्नास जोड्यांचे वलय. डोळ्यांना ते साध्या रबराच्या पट्टीसारखे दिसते. बेअरिंगच्या दोन्ही बाजू अनुभवी माणसालाही सारख्याच वाटू शकतात. बसविणाऱ्याने ते उलटे दाबून बसविले, तर बेअरिंग उत्तम फिरते, आवाज जातो, गाडी लोण्यासारखी चालते. फक्त चुंबकाची बाजू बाहेर चाकाकडे जाते, आणि आत बसलेल्या पहारेकऱ्यासमोर कोरी भिंत उभी राहते. नवा सेन्सर घातला काय आणि जुना ठेवला काय, भिंतीकडे पाहून तो काय मोजणार? नियंत्रक बदलला असता तरीही दिवा तसाच जळत राहिला असता, हे मनात आले आणि मला त्या 40,000 रुपयांपेक्षा कोथिंबिरीचा तो भारा अधिक आठवला.

बेअरिंग नुसते उलटवून चालत नाही. दाबून बसविलेले बेअरिंग काढताना दुखावते, म्हणून नवेच लागते. रविवारी ते मिळेना. गाडी तेथेच ठेवून आम्ही बसने घरी आलो. आत्याने खिडकीची जागा पटकावली आणि ती बऱ्यापैकी आनंदात होती. दुसऱ्या दिवशी मी जे. सी. रोडवर, जेथे मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत, तेथून बेअरिंग घेतले आणि होसकोट्यास गेलो. उस्तादने बसविण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंना टाचणी लावून पाहिली. ज्या बाजूला ती चिकटली त्या बाजूवर खडूने फुली मारली, ती मला दाखविली आणि मग यंत्राखाली ठेवून दाबले.

किल्ली फिरविली. पिवळा दिवा लागला, दोनतीन सेकंद राहिला आणि विझला. गाडी रस्त्यावर आली, वेग थोडा वाढला, पुढून एक लहानशी घर्र ऐकू आली. ती यंत्राने स्वतःची घेतलेली परीक्षा. पुढच्या चौकापर्यंत माझे डोळे रस्त्यावर कमी आणि तबकडीवर अधिक होते, हे कबूल करतो. दिवा लागला नाही. मागच्या मोकळ्या, ओल्या रस्त्यावर उस्तादने मला एकदा पूर्ण ब्रेक दाबावयास लावला आणि दाबलेल्या स्थितीतच स्टिअरिंग वळवावयास सांगितले. पेडल पायाखाली थरथरले, आणि गाडी वळली.

आकाशवाणीवरून दिवा दाखविता येत नाही, तेव्हा ऐकणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी बोलून ठेवतो. किल्ली फिरविल्यावर हा दिवा लागून विझला पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना तो मुळी लागलाच नाही, तर आनंद मानू नका. कोणीतरी आधीच 'अॅडजस्ट' करून ठेवलेले असण्याचा संभव आहे. मोटारसायकलीवर तो गाडी थोडी चालल्यानंतरच विझतो, त्याने घाबरू नये. पिवळ्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाही लागला तर मात्र गाडी बाजूला घेऊन थांबवा आणि पुढे नेऊ नका. तेव्हा साध्या ब्रेकचाही भरवसा राहत नाही. बाजारात मिळणारी स्वस्त तपासणी-यंत्रे बहुधा केवळ इंजिनाच्या तक्रारी वाचतात, ब्रेकच्या नव्हे. तेव्हा अशा यंत्राने 'दोष नाही' म्हटले म्हणून घरी जाऊ नये. चिखलातून गेल्यावर दिवा लागला असेल तर चाकांच्या आतली बाजू नीट धुऊन पाहावी. सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसल्याने दिवा गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालविणे भागच असेल तर पावसात पुढच्या गाडीपासूनचे अंतर दुप्पट ठेवा, आणि पायाला ती जुनी दाबा-सोडाची विद्या पुन्हा शिकवा.

पहिल्या गॅरेजात मी गेलो होतो. भांडावयास नव्हे, सांगावयास. त्या तरुणाने ऐकून घेतले. प्रथम त्याला पटेना. मग मी खिशातून काढलेले जुने बेअरिंग त्याने हातात घेतले, टेबलावरची टाचणी एका बाजूला लावली, दुसऱ्या बाजूला लावली, आणि काही वेळ तो तीच तीच टाचणी लावून पाहत राहिला. नव्या सेन्सरचे पैसे त्याने परत देऊ केले. मी निम्मे घेतले. सेन्सर तसा चांगलाच होता.

ते बेअरिंग आता माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. आत्या महिन्या-दोन महिन्यांनी येते तेव्हा त्याला जड कागददाबा समजून उचलते, आणि त्याच्या एका बाजूला लटकलेल्या टाचण्या काढून नीट डबीत भरून ठेवते. गाडीत बसली की ती पदर सावरते, किल्ली फिरविण्याची वाट पाहते, आणि दिवा विझेपर्यंत माझ्याशी बोलत नाही.